करगोट्याला हात लावू नका

नवऱ्याचा ताप सहाव्या दिवशीही उतरेना आणि पोटापाठीवर, दंडांवर बारीक लाल पुरळ उठलं, तेव्हा आमच्या शेजारणीने दारातूनच निदान केलं, "माताजी आई हैं, दवाई मत देना." चाळिशीतल्या माणसाला कसली माता, कसल्या कांजिण्या! मी दार लावून घेतलं आणि तिच्या अडाणीपणावर घरात तावातावाने बोलले. माझं शहाणपण पुढे दिसणारच होतं.

त्याच दिवशी त्याला इस्पितळात नेलं. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइड नाही. पहिलं 'नाही' ऐकून बरं वाटलं, तिसरं ऐकून नाही. प्लेटलेट्स घसरत होत्या. तो तापात बरळत होता, मला 'आई' म्हणून हाक मारत होता. मला भयंकर भीती वाटत होती.

सोनोग्राफीला नेताना सिस्टरने त्याचा करगोटा कापायला कात्री आणली. कमरेचा काळा दोरा, त्यात सासूबाईंनी ओवलेला कापडी ताईत. मी तिचा हातच धरला. आमच्यात करगोटा तोडतात तो माणूस गेल्यावर. तिने तसंच भागवून घेतलं.

दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. मागच्या पंधरवड्यात कुठे गेला होता, विचारलं. वरसाव्याला, मित्राच्या प्लॉटवरचं गवत काढायला. मग त्यांनी काखा, मांड्या, कानांमागे, सगळं निरखून पाहिलं आणि ताइतापाशी थांबल्या. तो कातडीला चिकटला होता.

"मेल्यावरच तोडतात हो तो," मी म्हणाले.

त्या चिडल्या नाहीत. कात्री माझ्या हातात ठेवली. "मग जिवंतपणी तुम्हीच कापा."

दोरा दोनदा कात्रीतून निसटला. ताइताखाली काळी खपली होती, सिगारेटचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, म्हणून त्यालाही कळलं नव्हतं. स्क्रब टायफस, बाई म्हणाल्या. गवतातला, डोळ्यांना न दिसणारा किडा चावून होतो. साध्या गोळ्यांनी बरा होतो, पण उशीर केला तर माणूस हातचा जातो.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. शुद्धीवर येताच त्याचा हात कमरेकडे गेला.

"कोणी तोडला?"

"मी."

"इतकं झालं होतं?"

मी मान हलवली. आधी दोन दिवस तो कापू न देणारीही मीच होते, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.