लवकरच येत आहे

“अजून एक हात फिरवायचाय,” असं म्हणून गुरुजी टेबलावर ठेवलेले कागद पुन्हा उचलायचे. चौकोनी घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात घालायचे आणि वरून तळव्याने दाबून बघायचे. परभणीच्या ज्या छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो, तिथे हा प्रकार मी दहा-अकरा वर्षं पाहिला.

ते पेडगावच्या शाळेत शिकवायचे. मूळ गाव सोनपेठकडचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सायकल हाणत आमच्याकडे यायचे. त्या काळात आमच्या भागातल्या जयंतीला तुम्ही कधी आला असाल, तर त्यांची गाणी ऐकलीच असतील. फक्त ती कुणाची हे ठाऊक नसेल. चोवीस पानांची एकच पुस्तिका, तीही मीच जुळवलेली. झरीपासून सोनपेठपर्यंत वस्ती-वस्तीत ती तोंडपाठ होती. मीही तसल्याच एका वस्तीतला. खिळे उचलता उचलता तीच गाणी गुणगुणायचो.

पुस्तिकेचं मागचं पान कोरं राहत होतं. मालकांनी एक ओळ टाकायला सांगितली : ‘नामांतराच्या लढ्यावरील कवीचे महाकाव्य लवकरच येत आहे.’ गुरुजींनी प्रूफ पाहिलं आणि ते हसले. “राहू द्या. लिहावं तर लागणारच हाय.”

त्या एका ओळीने त्यांची पाठ सोडली नाही.

एसटीत कंडक्टर तिकीट फाडताना विचारायचा, “गुरुजी, पुस्तक कुठवर आलं?” लग्नात माइकवरून पुकारायचे, “ज्यांच्या महाकाव्याची सगळा मराठवाडा वाट बघायलाय, ते गुरुजी आपल्यात हायेत.” गुरुजी अक्षता टाकून तसेच निघून यायचे. “पंगतीत वाढणारा बी तेच विचारतो,” ते मला म्हणायचे. “घास उतरत न्हाई, भाऊ.”

पाच-सहा वर्षं गेली आणि विचारण्याचा सूर बदलला. सरकारी पगार खातो म्हणून भ्याला, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, विकला गेला. एका शनिवारी त्यांनी पोस्टाने आलेलं एक पुडकं माझ्यापुढे उघडलं. आत हिरव्या बांगड्या होत्या. पाठवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही.

“मापाच्या असत्या तर मंडळींनी घातल्या असत्या,” गुरुजी म्हणाले. मी हसलो, तेही हसले. दोन बांगड्या वाटेत फुटल्या होत्या. त्यांचे तुकडे मग ते बराच वेळ कागदावर गोळा करत बसले.

लिहीत नव्हते असं नाही. तीनदा लिहून त्यांनी फाडलं होतं. “लोकांना मी तिथं लढलेला पायजे,” एकदा चहा पिताना ते म्हणाले. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

एका उन्हाळ्यात मात्र त्यांनी कागद ठेवले आणि परत उचलले नाहीत. “घ्या जुळवायला.”

खिळे जुळवणाऱ्याचं लक्ष अक्षरावर असतं, अर्थावर नसतं. पण त्या मजकुरावर माझा हात थांबत होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर त्यांच्या गावात वस्ती पेटवली, त्या दिवसाची ती गोष्ट होती. जाळायला लोक आल्याचं कळताच गुरुजी पळाले होते. म्हातारी आई घरातच राहिली आणि हे शेजारच्या उसात पालथे पडून राहिले. धूर दिसत होता, पण ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत आले, तर आई लिंबाखाली बसलेली. शेळी सोडवताना तिचे दोन्ही हात भाजलेले. तिने लेकाकडे पाहिलं आणि विचारलं, “जेवलास का?” तिथेच कविता संपत होती. घोषणा नव्हती, निशाण नव्हतं, शत्रूला ललकारी नव्हती.

प्रूफ निघालं तेव्हा चार कार्यकर्ते छापखान्यात आले. सगळे गुरुजींच्या गाण्यांवर जीव टाकणारे. गुरुजींनी उभ्यानेच सगळं वाचून दाखवलं.

मग त्यांच्यातला पुढारी म्हणाला, “गुरुजी, लोक इतकी वर्षं थांबले ते याच्यासाठी?”

“झालं ते हेच हाय,” गुरुजी म्हणाले.

“झालं आसंल. पण लोकायला काय सांगावं आमी? आपला कवी उसात लपला? आन् म्हातारीनं तर शाप द्यायला पायजे. ती जेवणाचं काय इचारायलीय?”

“तिनं तेच इचारलं.”

दुसरा समजुतीने बोलला, “शेवट तेवढा बदला, गुरुजी. बाकीचं चालून जाईल.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी सांगा, भाऊ. तुमी तर एक-एक अक्षर उचललंय.”

आयुष्यात मला इतक्या विश्वासाने कुणी काही विचारलं नव्हतं. त्या मजकुराने मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो, हे मला सांगता आलं असतं. पण चौघे माझ्याकडे बघत होते आणि मलाही त्यांच्यासारखंच काहीतरी धगधगतं हवं होतं. मी म्हणालो, “शेवट जरा जोरदार पायजे होता, गुरुजी.”

त्यांनी मान डोलावली. वर्गात पोराचं उत्तर चुकलं की शिक्षक डोलावतात, तशी.

“मोडा,” ते म्हणाले.

मी जुळवणी मोडली. खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायला तीन दिवस लागले. हस्तलिखित आणि प्रूफ गुरुजी घेऊन गेले. त्यानंतरच्या शनिवारी ते आले नाहीत.

नामविस्तार झाला त्या जानेवारीत परभणीत निळा गुलाल उधळला गेला. कर्ण्यांवर गुरुजींचीच जुनी गाणी होती. पोरांनी त्यांना गर्दीतून शोधून खांद्यावर घेतलं. “आता तरी पुस्तक येऊ द्या, गुरुजी!” कुणीतरी ओरडलं. “उतरवा मला,” एवढंच ते म्हणत होते. ढोलांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मला ओठांवरून कळलं. मी पुढे झालो नाही.

त्याच पावसाळ्यात ते दम्याने गेले.

पंधरा दिवसांनी पुढाऱ्यासोबत मीही पेडगावला गेलो. त्याने वहिनींकडे हस्तलिखित मागितलं. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. “त्यायनी सासूबाईच्या मातीच्या दिवशी जाळलं ते. तुमाला जे पायजे होतं ते त्यात न्हवतंच. मंग आता कशाला मागायलात?”

परतीच्या एसटीत पुढाऱ्याने जुनी पुस्तिका नव्याने काढायचं ठरवलं. प्रस्तावना त्यानेच लिहिली आणि जुळवायला माझ्याकडे आली. तिच्यात एक वाक्य होतं : ‘महाकाव्य लिहून पूर्ण होण्याआधीच काळाने त्यांना आपल्यातून ओढून नेले.’

मी ते जुळवलं. प्रूफ त्याच्या हातात दिलं. वाचता वाचता तो त्या वाक्यावर थांबला आणि त्याने वर बघितलं.

“बरोबर हाय ना?” त्याने विचारलं.

“बरोबर हाय,” मी म्हणालो, आणि छपाई सुरू केली.