रुमाल टाकून उभे राहणारे मामा

पाथर्डीच्या स्टँडवर नगरची एसटी लागली की खिडकीतून पहिला रुमाल पडायचा तो त्या मामांचा. जागेसाठी ते हमरीतुमरीवर यायचे आणि ती मिळाली की जेमतेम गाव सुटेपर्यंत बसायचे. मग गाडीभर येरझाऱ्या. तेवढ्यात त्यांच्या जागेवर कुणी टेकलं की लगेच हजर. "ऊठ, रुमाल माझा हाय!"

न वापरता अडवलेली जागा म्हणजे जमीनदारीच, असं मानणारी मी. एकदा भर गाडीत सुनावलं, "मामा, बसायचं नाही तर जागा कशाला अडवता? बाकीच्यांना पाय नाहीत का?"

"हायेत की. पर गप बसनारे हायेत," मामा पाय आपटत म्हणाले. "माझे बसलं की वळवळत्यात. त्यावर दिलेल्या गोळीनंच लई वाढलं, म्हनून डॉक्टरनी ती बंद केली. रविवारी लेकीचं लगीन हाय. कन्यादानाला पाटावर बसायचंय. जमतंय का, ते रोज बघतो, ताई."

मुलगी ही दानाची वस्तू नव्हे, हे भाषण माझ्या ओठांवर आलं होतं. पण ज्याचे स्वतःचे पायच ऐकत नाहीत, त्याच्याविरुद्ध मी आणखी काय आघाडी उघडणार?

शनिवारी त्यांच्यासाठी रुमाल मीच टाकला. करंजीचा घाट मागे पडला तरी मामा बसलेलेच. सगळी गाडी त्यांच्या पायांकडे बघत होती. नगर आलं, गाडी रिकामी झाली.

"मामा, उतरा की!" कंडक्टर ओरडला.

मामांनी दोन्ही गुडघ्यांवर अलगद हात ठेवले. "दम धर, बाबा. आत्ता कुठं बसलोय."