बिनवासाचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणूनच कदाचित जीभ वळतेय.

इंदापूर तालुक्यात निरवांगीच्या अलीकडं आमची वाडी. तिथल्या पाण्याच्या टाकीवर मी कामाला. सकाळी टाकीत ब्लीचिंग पावडर कालवून टाकायची, मग कॉक फिरवून पाणी सोडायचं — एवढंच काम. माझं लग्न झालं नाही. घरी बोलायला भिंती. मग कुणी दोन शब्द गोड बोललं तर माणूस विरघळणार नाही का?

बायकांची नेहमीची तक्रार — पाण्याला वास येतो, चहाची चव जाते. एकदा पावडर संपली, चार दिवस मी तसंच पाणी सोडलं. तर काय कौतुक! "दत्तूभाऊ, आता कसं ग्वाड पानी हाय!" ज्या दारातून कुणी हाक मारत नव्हतं, तिथं मला बसायला पाट मिळू लागला. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. पावडरीची नवी पोती आली, ती मी उघडलीच नाहीत.

आणि तपासणी? आरोग्यसेवक यायचा. पाण्याच्या नमुन्यात औषधाचे थेंब टाकले की, पावडर असेल तर, पाणी पिवळं होतं. मी आधीच एका कळशीत जुन्या पोत्याच्या तळाची चिमूटभर पावडर टाकून ठेवायचो आणि नमुना तिच्यातलाच द्यायचो. पिवळंधमक व्हायचं. तो बिचारा खूश, मीही खूश. असे सहा महिने तरी गेले.

मग गटाराशेजारचा पाइप गळायला लागला आणि वाडीत कावीळ आली. शेजारच्या जैनबमावशींची सायरा तेव्हा भवानीनगरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे डोळे पिवळे झाले. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ही पाण्यातली कावीळ, गरोदर बाईच्या जिवावर बेतते. आठव्या दिवशी ती गेली. पोटातलं बाळही गेलं.

बातमी आली तेव्हा मी काय केलं, सांगू? रडलो नाही. टाकीवर चढलो आणि पोतं फोडून दुप्पट पावडर ओतली. भ्याडासारखी. त्या दिवशी वासाबद्दल कुणी बोललं नाही. सगळ्यांनी पाइपला बोल लावला. पाइप गळत होताच — पण पावडर त्यासाठीच टाकतात, हे माझ्याइतकं वाडीत कुणाला ठाऊक होतं?

जैनबमावशी मात्र पाइपला बोल लावत नाहीत. सासरचे पाठवायला तयार नव्हते, यांनीच हट्टानं लेकीला आणलं. अजून ओट्यावर बसल्या की म्हणतात, "म्याच आणली रं तिला हितं. तितं ऱ्हायली असती तर जगली असती."

मग माझ्याकडं बघतात. तेव्हा मला बोलता येतं. आणि मी बोलतोही — "नशीब, मावशी. आपल्या हातात काय हाय?" त्या मान हलवतात, डोळे पुसतात.

माझ्या हातात होतं. मी पावडर टाकली नाही. आणि लेकीच्या मरणाचा दोष त्या आईला स्वतःवर घेऊ देतो, अजूनही.