शून्य मासे मिळवणारी बोट

मासेमारी परवान्याच्या कार्यालयात दुसऱ्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना बंदरावरची माणसं शिक्काबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि बाईही ओ देत. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक बोटीला परवाना लागतो, आणि तो टिकवायचा तर प्रत्येक फेरीची नोंदवही भरून आणावी लागते: कुठे गेलो, गळ किंवा जाळं किती वेळ पाण्यात होतं, कोणते मासे मिळाले. काहीच मिळालं नाही, तर तसंही लिहावं लागतं. या वह्या तपासून शिक्का मारणं हे बाईंचं काम. अक्षर पाहून त्या बोट ओळखत. स्वतः मात्र कधी बोटीत बसल्या नव्हत्या. लहानपणी एकदा पाण्यात गटांगळ्या खाल्ल्या होत्या, तेव्हापासून गुडघाभर पाण्यातही उतरत नसत.

त्या मावशीबरोबर सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. मावशीनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, आणि मावशीच्या मते या मुलीला एकच रोग होता: एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा छडा लागेपर्यंत ही जेवणार नाही. खालच्या दुकानाबाहेर एकच चाक कितीतरी दिवस का टांगलंय, हे विचारायला बाई मुद्दाम जिना उतरून गेल्या होत्या. ते चाक म्हणजेच दुकानाची पाटी होती.

त्या वर्षी बाईंच्या डोक्यात एक बोट शिरली.

ही बोट धंद्याच्या मासेमारीची नव्हती. हौशी माणसांना भाडं घेऊन गळ टाकायला नेणारी होती. अशा बोटींना मासे विकायची परवानगी नसते. पाहुण्यांनी हवे तर ठराविक मासे घरी न्यावेत, एवढंच. बोट चालवणारे तांडेल शांत आणि नीटनेटके होते. वही वेळेवर आणत. तारीख, हवा, पाहुण्यांची संख्या, सगळं टिपटॉप. आणि ‘मिळालेले मासे’ या रकान्यात दर फेरीला शून्य. मागची वही काढून पाहिली, तिच्यातही शून्य.

एकही मासा न मिळणाऱ्या बोटीत पैसे मोजून माणसं बसतात कशाला? आणि जागा तर कधी रिकामी नसते. पहिल्या खिडकीवरच्या सहकाऱ्याचं ठाम मत होतं की तांडेल चोरून मासे विकत असणार. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, वही वेळेवर येते ना, मग मारा शिक्का. बाईंनी शेवटी तांडेलनाच गाठलं. त्यांनी सरळ नजरेने सांगितलं की मासे मिळालेच नाहीत, तर खोटं कशाला लिहायचं? तो माणूस खोटं बोलतोय असं बाईंना काही केल्या वाटेना, आणि तेच जास्त छळू लागलं.

सुट्टीच्या दिवसासाठी त्यांनी गुपचूप जागा राखून ठेवली. मावशीने हे ऐकलं आणि हातातली सुई खाली ठेवली.

“बादली भरली की तू लांब उभी राहतेस. बुडालीस तर मी कुणावर ओरडू?”

पण रुमालात लिंबू बांधून तिनेच दिलं.

धक्क्यावर तांडेलनी त्यांना लगेच ओळखलं. तरंगायचं जाकीट पुढे करत एवढंच विचारलं, “बाई, शिक्का आणलाय का?”

बाई पार खजील झाल्या. बोटीत एक दातांचे डॉक्टर होते, एक निवृत्त बसचालक होते आणि त्यांची सून. किनारा दिसेनासा होईपर्यंत बाई लिंबू हुंगत डोळे मिटून बसल्या, आणि मग लिंबाचाही उपयोग झाला नाही. सुनेने त्यांची पाठ चोळली.

इंजिन थांबलं, गळ पडले, आणि थोड्याच वेळात बसचालकांच्या गळाची काठी वाकली. लालसर, चमकदार मासा वर आला. तांडेलनी हात ओले केले, गळ हळूच सोडवला, काठावर ठोकलेल्या पट्टीला मासा लावून लांबी सांगितली, सुनेने फोटो काढला, आणि मासा पुन्हा पाण्यात. मग डॉक्टरांना लागला. तोही पाण्यात. इथले पाहुणे मासे न्यायला येतच नव्हते. डॉक्टर म्हणाले की आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळा येतो, इथे फक्त दोरीला बसणारी ती ओढ अनुभवायला येतो.

तांडेलनी बाईंच्याही हातात काठी दिली. बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम दोरी ताणली गेली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं, आणि त्याचं काही वेगळंच म्हणणं होतं. भीती, मळमळ, सगळं त्या विसरल्या. वर आला तो तांबोसा. हा शब्द त्यांनी वह्यांमध्ये कितीतरी वेळा वाचला होता. त्याचे कल्ले असे हलतात, हे आज पाहिलं.

परतताना तांडेल वही उघडून बसले. त्यांनी शून्य लिहिलं.

“तांडेल, हे काय लिहिलंत?”

“मिळालेले मासे.”

“आणि सकाळपासून इतके लागले ते?”

“लागले ते लागले. बोटीत एक तरी आहे का? लागणं वेगळं, मिळणं वेगळं.”

सोडलेले मासेही मोजायचे असतात, त्यातले काही मरतात, आणि समुद्रात काय चाललंय हे कार्यालयाला त्यावरूनच कळतं, हे सांगायला बाईंनी तोंड उघडलं. पण रकान्यावरचा शब्द समोरच होता. त्या शब्दावर त्यांनी किती वर्षं शिक्के मारले होते. माणसाचं काही चुकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं साहेबांना सांगितलं. साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: पकडलेले सर्व मासे, सोडलेले धरून. म्हणजे वही अपुरी, आणि परवान्याचं नूतनीकरण अडलं. असं होईल हे बाईंच्या मनातही आलं नव्हतं. मग त्या खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागल्या, ‘मिळालेले’ म्हणजे तुम्ही काय धरता? एक जण फक्त विकलेले धरत होता. एक जण मोठ्या माशाने अर्धा खाल्लेलाही धरत होता, एक जण धरत नव्हता. खिडकीसमोर रांग वाढली, लोक कुरकुरले. साहेबांनी मात्र हे सगळं नीट ऐकून वर कळवलं, आणि तांडेलना एक मुभा दिली: या हंगामाची पानं पुन्हा भरून द्या, मग परवाना देतो.

ऐन गर्दीच्या दिवसांत बोट धक्क्याला बांधलेली होती. बाई संध्याकाळी तिथे गेल्या. तांडेल पाहुण्यांनी पाठवलेले फोटो बघून मासे मोजत होते.

“तुम्ही आला नसतात तर माझं बरं चाललं होतं,” ते मान वर न करता म्हणाले.

“हो,” बाई म्हणाल्या. “पण मला कळलं नसतं.”

तांडेलना हसू आलं नाही, पण शेजारची पेटी हाताने झटकून त्यांनी बाईंना बसायला दिली. दोघांनी मिळून पानं भरली. जिथे फोटो नव्हता, आठवत नव्हतं, तिथे तसं स्पष्ट लिहिलं. परवाना आला, पण तोवर गर्दी ओसरली होती, आणि नंतर बरेच दिवस तांडेल वही पहिल्या खिडकीवर देत राहिले. बाईंना ते लागलं.

पुढच्या वर्षी नव्या वह्या आल्या. त्यांत तीन रकाने होते: लागलेले, ठेवलेले, सोडलेले. भरलेली पानं जमू लागली तसे कार्यालयातले मत्स्यतज्ज्ञ बाईंच्या खिडकीशी आले. एकाच जागी लहान तांबोसे इतके का लागतात, असं त्यांना विचारायचं होतं. बाईंना माहीत नव्हतं. त्या तांडेलना विचारायला धक्क्यावर गेल्या. तांडेलनाही ठाऊक नव्हतं. तळाशी बुडालेलं काहीतरी असावं, असं त्यांचे वडील म्हणायचे. काय ते कुणी पाहिलेलं नव्हतं.

मग बाईंनी सुट्टीच्या दिवशी बोटीत एखादी जागा आहे का, असं विचारलं.