बंपरवर केळीचं पान

सासऱ्यांनी मला मोटार शिकायची परवानगी दिली ती एका अटीवर. "गाडीला एक ओरखडा आला की शिकणं बंद," असं बजावून ते नागपूरला गेले. आमच्या राज्याची राजधानी नुकतीच नागपूरहून भोपाळला हलली होती. आपल्या जमिनीचे कागद अजून नागपुरातच आहेत की तेही बिऱ्हाड बांधून निघाले, हे त्यांना बघायचं होतं. चार दिवस तरी लागतील, असा आमचा हिशेब.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी दगडावर घातली.

माझं माहेर जसोंडीचं. लग्नाआधी मी बैलांची दमणी हाकत असे, आणि झकास हाकत असे. मोटार शिकवायला आमचे हे शेजारी बसलेले. पेशाने मास्तर, त्यामुळे शिकवणं म्हणजे बोलणं. वळणावर मैलाचा दगड समोर आला, तशी मी "हो, हो" करत स्टीअरिंगचं चाक दोन्ही हातांनी छातीकडे ओढलं. बैल असते तर जागच्या जागी उभे राहिले असते.

"ब्रेक पायाशी असतो," हे म्हणाले. तोवर दगड लागून गेला होता.

पुढच्या बंपरला वाटीएवढा पोचा पडला. बऱ्हाणपुरातल्या लालबागेत घरी आलो, तर सासूबाई दारातच उभ्या.

"हे काय वं?"

"दगड लागला," मी म्हटलं.

"चालत आला का दगड?" त्यांनी लेकाकडे पाहिलं. "आता नुसते बघून काय राहिले दोघं? ते येण्याच्या आत करा काहीतरी." आणि कपडे धुवायची मोगरी आणून त्यांनी ह्यांच्या हातात दिली.

ह्यांनी रॉकेल ओतून गंजके नट सोडवले, बंपर अंगणात गोणपाटावर पालथा घातला आणि आतून मोगरीने ठोकायला सुरुवात केली. एका जागचा पोचा बसला की शेजारी नवा उठे. तासाभराने बंपरच इतका दमला की बराचसा सपाट झाला. उरलेल्या खड्ड्यात, सुतार भेगा बुजवायला वापरतात ती लांबी भरली. मग ह्यांची शाळेची वेळ झाली, आणि लांबी वाळल्यावर काचपेपरने घासायचं नि रंगवायचं काम माझ्याकडे आलं. बंपरची मूळची चकाकी केव्हाच गेलेली. सासरे दर दसऱ्याला त्याला चंदेरी रंग देत. डबा माळ्यावर होता.

पहिला हात दिला आणि मी कंबरेवर हात ठेवून कौतुकाने बघत राहिले. पण दिवस कापसाचे. जिनिंगच्या कारखान्यातून उडालेली कापसाची बारीक तूस सगळ्या लालबागेवर तरंगत असायची. बघता बघता ती ओल्या रंगावर बसली आणि बंपरला दाढी फुटली. मी तो वाळू दिला, दाढी केली आणि दुसरा हात दिला. या वेळी मी हुशार झाले होते. परड्यातून केळीची दोन लांब पानं कापली, मधला दांडा काढला आणि बंपर झाकून टाकला. आमच्या घरात दूध, कणीक, लोणी, जे झाकायचं ते केळीच्या पानाने. मी विचारसुद्धा केला नाही.

सकाळी पान उचललं, तर ते चर्रकन निघालं, आणि खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पानाच्या सगळ्या शिरा उमटलेल्या. बारीक, समांतर, जणू चांदीचं पातळ नेसवलंय.

"असू दे, बंपरकडे कोण बघतो," म्हणत ह्यांनी तो घाईघाईने गाडीला चढवला. शेवटचा नट आवळला, आणि दारात टांगा थांबला. कागद भोपाळला गेले, एवढं ऐकून सासरे तसेच परतले होते.

पिशवी खाली न ठेवताच ते गाडीपुढे उकिडवे बसले. बंपरवरून अंगठा फिरवला.

"हे कोणी केलं?"

"मी," हे म्हणाले. मला वाचवायला म्हणाले, हे मान्य करते.

"सुरेख. साऱ्या बऱ्हाणपुरात अशी गाडी नाही. तुझ्या हातात कला आहे, हे माहीत नव्हतं रे."

आता ह्यांनी खाली बघून गप्प बसावं की नाही? हे म्हणतात, "तसं काही नाही बाबा, सुचत गेलं तसं करत गेलो."

मला शिकणं प्यारं होतं, पण इतकंही नाही.

"मामंजी, रंग मी दिला. पान मी ठेवलं."

"तू? आणि रंग कशाला?"

"लांबी भरली होती, ती दिसू नये म्हणून."

"आणि लांबी कशाला?"

"पोचा होता म्हणून."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "सांग सांग. आता दगडापर्यंत जाऊनच थांब."

मी दगडापर्यंत गेले. माझी मोटार तिथेच संपली, असं मी धरून चालले. मग सासरे उठले आणि गाडीच्या मागे गेले.

"हा साधाच राहिला," ते म्हणाले. "नवरदेवाला फेटा नि खाली फाटकं धोतर, तसं दिसतंय. हाही तसाच कर. तो खडखडीत वाळला की मग शिकण्याचं बघू."

तासाभरात मी मागचा बंपर रंगवून, पान घालून मोकळी. सासरे स्वतः खुर्ची टाकून राखणीला बसले. दुपारी मी विचारलं, "वाळला?" नाही. संध्याकाळी विचारलं, नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चारदा विचारलं.

पाचव्यांदा मी म्हटलं, "मामंजी, पुढे जायला मागचा बंपर कशाला लागतो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. हसू दाबताना त्यांच्या मिशा हलल्या. कोटाच्या खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली, मागचं दार उघडलं आणि सीटच्या अगदी मधोमध, दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून, डोळे मिटून बसले.