आईचा बंब आणि सरांचं भाषण

रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर मी इतिहासात एम.ए. करायचं म्हटलं, तेव्हा घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरली. बाबा कचेरीत कारकून. ‘मेलेल्या राजांवर पोट भरतं का?’ असं ते जेवताना विचारायचे. शेवटी तोडगा निघाला: प्रबंध नावाजला गेला तर पुढे शिकायचं, नाहीतर मुकाट्यानं शाळेत सायन्स शिकवायचं.

मार्गदर्शक सरांनी पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगितलं, ‘इतिहास परीक्षानळीत मावत नाही, बाई.’ सगळे हसले. नवीन होते म्हणून मीही हसले.

माझा विषय होता जुन्या काळी नगर शहरात पाणी आणणारे मातीचे नळ. वर्ष बहात्तरच्या दुष्काळाचं. हे नळ जिथून निघत त्या कापूरवाडीच्या बाजूनं मी उन्हात हिंडत होते. खडी फोडायच्या कामावरून परतणारा एक शेतकरी मला बघून थांबला. म्हणाला, ‘बाई, नळ लई हायेत हितं. पानी तेवढं न्हाई.’ त्यानं बांधाजवळ पडलेलं जुन्या नळाचं एक फुटकं खापर दाखवलं. आतून त्यावर चुन्याचा जाड थर होता, खाली पांढरा आणि वर तांबूस. असं का, ते काही केल्या कळेना.

कळलं ते न्हाणीघरात. आई चिंचेच्या पाण्यानं तांब्याचा बंब घासत होती आणि कुरकुरत होती. घरच्या नळाला पाणी होतं तोवर आत पांढरा चुना धरायचा, आता दूरच्या विहिरीचं पाणी आल्यापासून तांबडा धरतो, आणि तो निघता निघत नाही. मी तिच्यापुढचा बंब ओढूनच घेतला. नळातले दोन रंग म्हणजे दोन ठिकाणची पाणी. पहिला झरा आटला असणार आणि तोच नळ मागाहून दुसऱ्या झऱ्याला जोडला असणार. म्हणजे जुन्या लोकांनीही असाच दुष्काळ काढला होता. त्या दिवशी बाबा जेवताना पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकत होते. आईचा बंब इतिहासात जाणार म्हणून मी आणि धाकट्या भावानं तिला फार चिडवलं.

सरांना बंबासकट सगळं सांगितलं तर ते नुसतं ‘बघू’ म्हणाले.

महिन्याभरानं गावात त्यांचं व्याख्यान ठरलं. आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसले होते. सर नळांवर बोलायला लागले. मग दोन रंगांचे थर आले, दोन झरे आले. मला वाटलं, आता माझं नाव घेतील. ते थांबले, हसले आणि म्हणाले, ‘हे मला सुचलं ते आमच्या मातोश्रींचा बंब पाहून.’ सभागृह टाळ्यांनी दणाणलं. आयत्या बिळावर नागोबा ऐकले होते, पण या नागोबानं बिळाबरोबर माझी आईही नेली.

मी उठले आणि आभार मानले. काय बोलले ते आठवत नाही. उतरताना सर हळूच म्हणाले, ‘तुम्ही आता दुसरा विषय शोधा. हा झाला.’

बाबांना सगळं माहीत होतं. ते सरांना काहीतरी बोलतील म्हणून मी दाराशी थांबून राहिले. ते गेले, सरांना वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ बोलत राहिले. वाटेत मला म्हणाले, ‘आभार छान मानलेस. धाकट्याच्या कॉलेजच्या प्रवेशाचं मी सरांच्या कानावर घातलंय. बघतो म्हणाले.’

घरी आई दारातच उभी होती. ‘अहो, माझा बंब निघाला का भाषणात?’

‘निघाला तर,’ बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘लोकांना फार आवडला.’

आई लाजली. सरांना मी पुढे कधीतरी माफ केलं असतं. बाबांना ते एक वाक्य मी अजून माफ केलेलं नाही.