सळई वाचणारा भीमसिंग

हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या तांड्यावरचा भीमसिंग मिस्त्री आयुष्यात एकदाच शाळेत गेला, तेही शाळेचा स्लॅब भरायला. अक्षराशी त्याची ओळख नव्हती. पण सळयांची जाळी समोर ठेवा; भिंत कुठं वाकू पाहणार, हे तो तंबाखू मळता मळता सांगे. "जिकडं ताण, तिकडं जाड सळई," एवढाच त्याचा अभ्यासक्रम. बायको कमलबाई त्याच्या हाताखाली तार बांधायची. हाताखाली म्हणजे आपलं म्हणायला!

दोन हजार तीन साली हरिचंद शेठनं कापडदुकानाखाली तळघर काढलं. धान्याच्या जमिनीतल्या पेवावरून गाव त्याला 'साड्यांचं पेव' म्हणे. नकाशा हिंगोलीच्या इंजिनिअर शीतल मॅडमचा. काम भीमसिंगचं, मिस्त्री म्हणून पहिलंच मोठं.

भिंती उभ्या राहिल्या. वरचा स्लॅब अजून भरायचा होता, आणि शेठनं ट्रॅक्टर बोलावला. दसऱ्याला उद्घाटन, पाहुण्यांच्या जीपा लावायला जागा हवी. तळघर खोदताना भिंतीमागे राहिलेला खड्डा बुजवा!

"शेठ, आधी स्लॅब. मग माती," भीमसिंग म्हणाला.

"काहून? भिंत काय कागदाची हाय?"

"भिंत पक्की हाय, पन तिला वरून धरनारं कोनी न्हाई. जाड सळई आमी आतल्या अंगाला बांधली. म्हंजे खालून पाया धरनार, वरून स्लॅब, अन् ताण पोटात येनार. आत्ताच माती लोटली तर भिंत बुडातून झुकंल. तिथं मातीच्या अंगाला सळई बारीक हाय. त्यात ही काळी माती, पानी पिली की फुगती."

"लई इंजिनेर झाला! बाजूला हो, न्हाईतर दुसरा मिस्त्री आनतो. मग या गावात तुला काम भेटनार न्हाई."

भीमसिंगनं ते ऐकून घेतलं. पण तो खड्ड्यात उतरला, भिंत आणि माती यांच्या मधोमध बसला आणि भाकरीचं फडकं सोडलं. कमलबाईही ठेचा घेऊन शेजारी टेकली.

वरून ट्रॅक्टरवाला देविदास ओरडला, "मिस्त्री, झालं का जेवन?"

"चावून राहिलो."

शेठनं चिडून मॅडमना फोन लावला. त्या येईपर्यंत दोन तास गेले. एवढा वेळ एक भाकरी चावणारा माणूस गोरेगावानं पहिल्यांदाच पाहिला.

मॅडमनी नकाशा उलगडला. कोपऱ्यात बारीक इंग्रजीत लिहिलं होतं: स्लॅब पक्का झाल्याशिवाय भिंतीमागे माती भरू नये.

"मिस्त्री, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं?"

"कोनी न्हाई. सळयाच सांगून राहिल्या."

मॅडम शेठकडे वळल्या. "महिनाभर या कागदावर सगळ्यांनी चहाचे कप ठेवले. वाचला एकट्या मिस्त्रींनी."

शेठनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि ट्रॅक्टर परत धाडला. उद्घाटन दिवाळीवर गेलं. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा शेठनं पाहुण्यांना सोडून तो भीमसिंगच्या हातात दिला.

त्यानंतर दर दिवाळीला कमलबाई त्या तळघरात लुगडं घ्यायला जाते. भीमसिंग साड्या पसरलेल्या गाद्यांकडे पाठ करून भिंतीवर हात फिरवत उभा राहतो.

"लुगडं पाहायला आलो का भिंत?" ती विचारते.

"तू लुगडं पाय," तो म्हणतो आणि शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाला भिंत थोपटून दाखवतो, "आतल्या अंगानं सळई सोळा एमेमची हाय!"